कोर्टाला पावरच नव्हती!

दावा जिंकलेल्या माणसाने ‘त्या कोर्टाला हा दावा चालवायचा अधिकारच नव्हता’ अशी तक्रार केल्याचं आजवर कोणी ऐकलेलं नाही. हा शोध कायम हरणाऱ्यालाच लागतो. तोही निकालाच्या दिवशी, कोर्टाच्या पायऱ्या उतरल्यापासून एसटी येईपर्यंतच्या वेळात. गावात पोचेपर्यंत त्याचा सिद्धांत पक्का झालेला असतो.

“काय झालं मग निकालाचं?”

“लागला विरोधात. पण त्याला काय अर्थ न्हाई. त्या कोर्टाला पावरच नव्हती.”

“आरं, पण अकरा वर्षं चालला की दावा!”

“चालला. बिनपावरचा चालला.”

कोऱ्हाळे बुद्रुक हे गाव नीरा-बारामती रस्त्यावर आहे. जवळून नीरा डावा कालवा जातो आणि पलीकडे सोमेश्वर कारखाना आहे. जिथे कालवा तिथे ऊस, जिथे ऊस तिथे बांध कोरला जातो, आणि जिथे बांध कोरला जातो तिथे तालुक्याच्या गावी वकिलाचा बंगला उभा राहतो. जिराईत भागातली माणसं पावसावर बोलतात, आम्ही तारखांवर बोलतो. पाऊस काय, येतो किंवा येत नाही. तारीख येतेच. आमच्याकडच्या बऱ्याच घरांत खुंटीला बियाणे कंपनीची एक पिशवी टांगलेली असते. तिच्यात सात-बारा, आठ-अ, फेरफाराच्या नकला, मोजणीचा नकाशा आणि आजोबांच्या अंगठ्याचा एखादा कागद असतो. घराला आग लागली तर आधी ती पिशवी बाहेर काढायची, मग माणसं, अशी तालीम पोरांना लहानपणीच मिळते.

अधिकाराचा मुद्दा या पिशवीत शिरतो तो प्रतिवादीच्या कैफियतीतून. कैफियतीचा सुरुवातीचा भाग कोणताही वकील विचार करून लिहीत नसावा, तो टायपिस्टच्या बोटांतच असतो. दाव्यातील मजकूर खोटा, लबाडीचा व खोडसाळपणाचा असून तो या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही. दाव्यास मुदतीच्या कायद्याची बाधा येते. आवश्यक पक्षकार सामील केलेले नाहीत. आणि मग ते वाक्य येतं: सदरचा दावा चालविण्याचा या मेहेरबान कोर्टास अधिकार नाही. मेहेरबान म्हणून हात जोडायचे आणि त्याच दमात ‘तुम्हाला अधिकार नाही’ असं तोंडावर सांगायचं! हे फक्त कोर्टातच खपतं. घरी वडिलांना एकदा म्हणून बघावं.

पक्षकार टाइप केलेला कागद वाचतो आणि दचकतो. “वकीलसाहेब, खरंच न्हाई का हो ह्यास्नी अधिकार?”

“असेलही. पण मुद्दा राखून ठेवलेला बरा.”

मुद्दा राखून ठेवायचा आणि फी रोख घ्यायची, एवढा व्यवहार झाला की पुढची तारीख पडते.

आता हा अधिकाराचा घोळ मुळात होतो कसा, ते एका बांधावर उभं राहून बघू. समजा, दोन भाऊ आहेत, थोरले आणि धाकटे. नावं नकोत, कारण कोणतंही नाव घेतलं तरी गावातली चार घरं ‘आमच्यावरच लिहिलंय’ म्हणून धरून बसतील. धाकट्यांनी नांगरताना बांध कोरला. थोरल्यांनी रागाने त्यांच्या उसाच्या गाडीची वाट अडवली. भांडण एकच, एका आईच्या दोन लेकरांचं, एकाच गटनंबरात. पण कायद्याच्या डोळ्यांनी पाहिलं तर त्यात चार भांडणं आहेत आणि प्रत्येकाचं दार वेगळं आहे.

वाट अडवली? तर मामलेदार कोर्टाच्या १९०६ च्या कायद्याखाली तहसीलदारांकडे जायचं, तेही सहा महिन्यांच्या आत. बांध कोरून मालकीच्या जागेत शिरले? मालकीचा प्रश्न, तो दिवाणी कोर्टात. वडिलांच्या पश्चात फेरफाराला नोंद लागली ती चुकीची? त्याला सर्कल, मग प्रांतसाहेब, आणि तिथून वर वर थेट मंत्रालयापर्यंत. आणि भांडणाच्या ऐन भरात थोरल्यांनी म्हटलं की, हा तुकडा आपल्या आज्याच्या नावावर कूळ म्हणून होता, तर संपलंच. कूळ आहे की नाही हे ठरवायचा अधिकार १९४८ च्या कूळ कायद्याने दिवाणी कोर्टाकडून काढून तहसीलदारांकडे दिला आहे. दिवाणी न्यायाधीश कितीही हुशार असोत, ‘कूळ’ हा शब्द निघाला की त्यांनी पेन खाली ठेवायचं आणि तो मुद्दा तहसीलदारांकडे पाठवायचा. कायद्याच्या ८५ अ कलमात तशी सोयच आहे. तहसीलदार ठरवणार, त्यावर प्रांतांकडे अपील, त्यावर महसूल न्यायाधिकरण, त्यावर हायकोर्ट. तोवर दिवाणी दावा थांबलेला. कसेल त्याची जमीन म्हणून १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, त्याला आता सत्तरी येत आली. पण त्या दिवशी कोण कसत होता यावर आजही लोक उत्साहाने साक्ष देतात. त्यांतले निम्मे त्या दिवशी पाळण्यात होते.

गंमत अशी की, एकेका दारातून मिळणारं उत्तर कायद्याने अगदी बरोबर असतं. महसूल अधिकारी म्हणतात, फेरफाराने मालकी ठरत नाही, मालकीसाठी दिवाणी कोर्टात जा. कोर्टानेही कितीदा तेच सांगितलंय. दिवाणी कोर्ट म्हणतं, कुळाचा मुद्दा आमचा नाही, तहसीलदारांकडे जा. तहसीलदार वाटेचं बघतात, पण ती वाट कोणाच्या मालकीच्या जागेतून जाते ते बघत नाहीत. माणूस एकच पिशवी घेऊन एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जातो आणि प्रत्येक जण त्याला सरळ, प्रामाणिक, कलमासहित उत्तर देतो. कोणीही खोटं बोलत नाही. म्हणून तर चिडायचं कोणावर, हा प्रश्न पडतो आणि शेवटी राग भावावरच निघतो.

अपिलाच्या बाबतीत या दारांचे स्वभाव वेगवेगळे आहेत. मामलेदार कोर्टाच्या हुकमावर अपीलच नाही. कायद्यात तसं स्वच्छ लिहिलंय. थोरल्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. मग वकिलांनी खुलासा केला: “अपील नाही, पण जिल्हाधिकाऱ्यांकडे रिव्हिजन आहे.” चेहरा पुन्हा उजळला. माणसाला न्याय मिळेल की नाही ही दुय्यम गोष्ट. वर जायला जिना आहे की नाही, हे महत्त्वाचं. महसूल संहितेचं १४३ वं कलम तर आणखी मजेचं. बांधावरून जायच्या वाटेचा तहसीलदारांचा निर्णय पटला नाही तर वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. पण एकदा तो दावा लावला की मग त्या निर्णयावर अपील नाही आणि रिव्हिजनही नाही. म्हणजे दोन जिन्यांपैकी एक निवडायचा. आमच्याकडचा माणूस दोन्ही जिन्यांवर एकेक पाय ठेवून उभा राहतो आणि मग म्हणतो, कायदा अवघड आहे.

एवढं झालं विषयाचं. आता हद्दीचं बघू. कोऱ्हाळे दोन आहेत, बुद्रुक आणि खुर्द. तिसरं कोऱ्हाळे तिकडे राहाता तालुक्यात, शिर्डीच्या बाजूला. नोटिशीवर नुसतं ‘मु. पो. कोऱ्हाळे’ लिहिणारा कारकून जगातला सर्वांत निष्पाप माणूस असावा. त्याला माहीतही नसतं की आपण दाव्याला दोन वर्षांचं आयुष्य बहाल केलं. नोटीस लागू झाली नाही म्हणून फेरनोटीस, फेरनोटीस घेऊन बेलीफ आला तेव्हा प्रतिवादी ‘परगावी’ गेलेले. परगावी म्हणजे गोठ्यामागे.

आणि दक्षिणेला नीरा नदी. नदीच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे साताऱ्याचा फलटण तालुका. १९४८ च्या मार्चमध्ये फलटण संस्थान विलीन झालं, तोवर पलीकडे निंबाळकरांचा अंमल होता आणि इकडे इंग्रजांचा. सोयरीक मात्र दोन्ही काठांना पहिल्यापासून आहे. नदी ओलांडायला वऱ्हाडाला कधी अडचण आली नाही. अडचण यायची ती भांडणाला.

दिवाणी प्रक्रिया संहिता ज्याने लिहिली तो नदीकाठचा असावा असा माझा समज आहे. तिच्यातलं १८ वं कलम बघा. मिळकत नेमकी कोणत्या कोर्टाच्या हद्दीत येते याचाच संशय असेल, तर दोहोंपैकी कोणत्याही एका कोर्टाने ‘संशयाला जागा आहे’ अशी नोंद करायची आणि खुशाल दावा चालवायचा. निकाल लागला की तो जणू आपल्याच हद्दीतल्या जमिनीचा असं समजायचं. नदीने पात्र बदलावं, मळीची जमीन या काठाची त्या काठाला जावी, सर्व्हेअरने डोकं खाजवावं, आणि न्यायाधीशांनी शांतपणे संशयाची नोंद घेऊन साक्षीदाराला आत बोलवावं. आणि अपिलात कोणी उठून म्हणालाच की हद्द चुकली, तर त्याने दाखवायचं की संशयाला तेव्हा कसलीच जागा नव्हती, आणि वर त्यामुळे अन्यायही झाला. आमच्या गावात कशालाही संशयाला जागा नाही असं सिद्ध करणं फार कठीण आहे.

जमिनीचं एक ठीक, पण आता हायकोर्टही नदीने वाटून घेतलंय. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागलं. त्याच्याकडे कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे आहेत. पुणे त्यात नाही. म्हणजे नदीपलीकडच्या व्याह्यांचं अपील कोल्हापूरला चालणार आणि अलीकडच्या आमचं मुंबईला. व्याही फोनवर सांगतात, “तारखेला गेलो होतो, जाताजाता महालक्ष्मीचं दर्शन झालं, येताना तांबडा-पांढरा रस्सा.” आम्ही मुंबईच्या तारखेला जातो ते स्टेशनवरचा वडापाव खाऊन परत येतो. पुण्याला खंडपीठ हवं ही वकिलांची मागणी जुनी आहे आणि त्यांची कारणंही भारदस्त आहेत. पण रश्श्याचा मुद्दा त्यांनी अजून पुढे आणलेला दिसत नाही.

पोलिसांच्या हद्दीबद्दल मात्र बोलायची सोय राहिली नाही. पूर्वी रस्त्यात मारामारी झाली की जखमी माणूस आधी दोन्ही ठाण्यांच्या हद्दीचा खांब शोधायचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने तो नोंदवायचा आणि मग पुढे पाठवायचा, असं स्पष्ट लिहून ठेवलंय. हद्दीवर चालणारी एक मोठी संवादकला त्यामुळे लोप पावण्याच्या मार्गावर आहे.

मूळ मुद्द्याकडे येतो. हरल्यावर ‘पावर नव्हती’ म्हणून अपील केलं, तर चालतं का? इथे कायद्याने चुकांच्या दोन जाती केल्या आहेत आणि हरणाऱ्याला त्यातला फरक कधीच पटत नाही.

पहिली चूक जागेची किंवा किमतीची. दावा बारामतीऐवजी इंदापूरला लावला, किंवा दाव्याची किंमत एवढी होती की तो वरच्या दर्जाच्या कोर्टात जायला हवा होता. ही तक्रार करायची असेल तर अगदी सुरुवातीला करायची, मुद्दे काढण्याच्या आत. पंगतीला बसून, जिलबीचा आग्रह करून घेऊन, हात धुऊन, विडा तोंडात टाकल्यावर ‘आम्हाला आमंत्रणच नव्हतं’ म्हणून रुसता येत नाही, तसलाच हा प्रकार. संहितेच्या २१ व्या कलमाने अपिलातली ही रुसवाफुगवी बंद केली आहे. सुरुवातीला हरकत घेतली असेल, आणि त्या चुकीमुळे खरोखर न्याय बिघडला असेल, तरच अपिलात ऐकून घेतील.

दुसरी चूक विषयाची. ज्या विषयाला कायद्याने हातच लावू दिलेला नाही तो विषय कोर्टाने चालवला. तिथे मग कोणीही, कधीही बोलावं. अपिलात बोलावं, दुसऱ्या अपिलात बोलावं, आणि तीस वर्षांनी हुकूमनाम्याच्या बजावणीची दरखास्त आली, बेलीफ दारात येऊन उभा राहिला, तरी त्याच्यासमोर बोलावं. दोन्ही बाजूंनी हात वर करून ‘आमची संमती आहे’ म्हटलं तरी संमतीने अधिकार येत नाही. अधिकार नसलेल्या कोर्टाचा हुकूमनामा मुळातच शून्य.

हे ‘शून्य’ आमच्याकडे फार लोकप्रिय आहे. ते आलं कुठून, तर १९५४ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालातून. हरलेल्या माणसाची अधिकाराची हरकत असली की अपिलाच्या कागदात या निकालाचा उतारा असणारच. वकील तो वाचून दाखवतात तेव्हा थोरले मान डोलावतात: बघा, दिल्लीनेच सांगितलंय. पण त्या खटल्याची पूर्ण हकीकत त्यांना कोणी सांगत नाही, आणि सांगूही नये, कारण ती त्यांच्या काळजाला लागेल.

जमीन बिहारमधल्या मुंगेरची. वादींनी दाव्याची किंमत लावली २,९५० रुपये. कोर्टफी किमतीवर बसते, त्यामुळे जमिनीचा भाव गावात सांगताना एक आणि कोर्टात सांगताना दुसरा, ही रीत साऱ्या देशात आहे. दावा हरले. किंमत पाच हजारांच्या आत, म्हणून अपील जिल्हा न्यायाधीशांकडे. तेही हरले. मग दुसरं अपील पाटण्याला हायकोर्टात. तिथे कोर्टफी तपासणाऱ्याने कागद बघितले आणि म्हणाला, ही किंमत बरोबर दिसत नाही. चौकशी झाली, हायकोर्टाने किंमत ठरवली ९,९८० रुपये. वादींनी कमी पडलेली फी भरली. आणि फी भरताभरता त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. किंमत पाच हजारांच्या वर असेल, तर पहिलं अपील थेट हायकोर्टात यायला हवं होतं! म्हणजे जिल्हा न्यायाधीशांना अधिकारच नव्हता! म्हणजे आपली ती हार शून्य! म्हणजे सगळा पुरावा पुन्हा पहिल्यापासून तपासा!

असल्या डोक्याच्या माणसाला आमच्याकडे सोसायटीचं चेअरमन करतात.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांनी आधी तो सुप्रसिद्ध उतारा लिहिला, की अधिकार नसलेल्या कोर्टाचा हुकूमनामा शून्य असतो, ही हरकत कुठल्याही टप्प्याला घेता येते, वगैरे. वादींच्या जिवात जीव आला असेल. मग पुढच्या पानांत त्यांनी सांगितलं की, किमतीच्या चुकीला मात्र १८८७ च्या दावा मूल्यांकन कायद्याचं ११ वं कलम लागू होतं, त्या चुकीने निकालाच्या गुणदोषांवर काही वाईट परिणाम झाला असेल तरच अपिलात हात घालता येईल, इथे तसं काही झालेलं नाही, तुम्हीच लावलेल्या किमतीमुळे तुम्हाला तो जिल्हा न्यायाधीश मिळाला, अपील फेटाळलं. म्हणजे सत्तर वर्षं हरलेले लोक ज्या निकालाचा आधार घेतात, त्या निकालात अधिकाराची हरकत घेणारा स्वतः हरलेला आहे. उतारा अमर झाला, पक्षकार घरी गेला.

मुंगेर लांब आहे म्हणून कोणी हसू नये. अधिकाराच्या मुद्द्यावर महाराष्ट्राने जो पराक्रम केला, तो बाकीच्या राज्यांना जमला नाही. झालं होतं असं, की सरकारवर दावा करायचा तर ८० व्या कलमाखाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. मुंबईत हुशार लोक नोटीस न देताच दावा लावायचे, तातडीचा स्टे मिळवायचे, आणि मग नोटिशीची मुदत भरली की जुना दावा काढून घेऊन नवा लावायचे. मधले महिने स्टेवर निघायचे. हे थांबवायला महाराष्ट्राने १९७० मध्ये संहितेत आपलं खास ९ अ कलम घातलं. मध्यंतरी केंद्राच्या दुरुस्तीत ते वाहून गेलं, तर १९७७ मध्ये पुन्हा घातलं. स्टेच्या अर्जावर कोणी अधिकाराची हरकत घेतली, तर आधी तो मुद्दा ठरवा, मग बाकीचं, असा त्याचा अर्थ. हेतू एकदम चांगला.

पण हेतू चांगला असला की वापरणारे त्याहून चांगले भेटतात. प्रतिवादींना कळलं की, हरकत घेतली की मूळ दावा जागच्या जागी थांबतो. आधी अधिकाराचा मुद्दा, त्याचे साक्षीदार, त्याचा उलटतपास, त्याचा निकाल, त्यावर हायकोर्टात रिव्हिजन, त्यावर दिल्ली. मूळ भांडणाचा ‘भ’ उच्चारायच्या आत पिढी बदलायची. मग एक नवा वाद निघाला: दावा मुदतीत आहे की नाही, हाही अधिकाराचाच मुद्दा धरायचा का? २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन वेगवेगळ्या खंडपीठांनी त्याची दोन वेगवेगळी उत्तरं दिली. एक म्हणालं नाही, दुसरं म्हणालं हो. मग प्रश्न तीन न्यायमूर्तींकडे. इकडे महाराष्ट्र सरकारला साक्षात्कार झाला की, हे कलम दावे लांबवतंय, आणि जून २०१८ मध्ये ते काढून टाकलं. तिकडे नुस्ली वाडिया विरुद्ध आयव्हरी प्रॉपर्टीज या प्रकरणात ४ ऑक्टोबर २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींनी भलाथोरला निकाल देऊन सांगितलं की, ९ अ मधला ‘अधिकार’ अरुंद अर्थाने घ्यायचा, मुदतीचा मुद्दा त्यात येत नाही. कलम वारल्यावर सव्वा वर्षाने त्याचा अर्थ लागला. तेराव्याला तरी लागायला हवा होता.

बरं, अपिलात खरोखरच ठरलं की खालच्या कोर्टाला अधिकार नव्हता, तर पुढे काय? इथे थोरल्यांचा आनंद अर्ध्यावर येतो. त्यांना वाटलेलं असतं की धाकट्यांचा दावा शून्य म्हणजे आपण जिंकलो. तसं नसतं. अपिलाचं कोर्ट बांध कोणाचा हे सांगत नाही; ते एवढंच सांगतं की हे सांगायचा अधिकार खालच्यांना नव्हता. दावा वादीला परत देतात, योग्य कोर्टात घेऊन जा म्हणून. तिथे तो जुन्या जागेवरून पुढे चालत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी पक्कं करून टाकलं की, परत दिलेला दावा नव्या कोर्टात पहिल्या पायरीपासून सुरू होतो. पुन्हा समन्स, पुन्हा कैफियत. टायपिस्टची बोटं पुन्हा चालतात: या मेहेरबान कोर्टास अधिकार नाही.

मधल्या काळात मुदत संपून गेली असेल, त्याचं काय? त्याचीही काळजी कायद्याने घेतली आहे. मुदतीच्या कायद्याच्या १४ व्या कलमात चुकीच्या कोर्टात घालवलेली वर्षं वजा करून मिळतात. अट एकच: तुम्ही तिथे सद्हेतूने आणि नेटाने लढत होता हे दाखवायचं. म्हणजे धाकट्यांनी कोर्टात शपथेवर सांगायचं की, मी अकरा वर्षं अगदी प्रामाणिकपणे चुकीच्या दारात उभा होतो. आणि थोरल्यांचे वकील उलटतपासात विचारणार, “कैफियतीत पहिल्याच पानावर आम्ही सांगितलं होतं ना, या कोर्टाला अधिकार नाही म्हणून? मग तरी तुम्ही प्रामाणिक कसे?” धाकटे म्हणणार, “ते तर सगळ्याच कैफियतींत असतं.” या उत्तराइतकं खरं उत्तर दिवाणी कोर्टात क्वचितच नोंदलं जात असेल.

आणि हे वाक्य फक्त बांधाच्या भांडणातच असतं असं नाही. बेळगावचं उदाहरण घ्या. २००४ मध्ये महाराष्ट्राने कर्नाटकावर सीमाप्रश्नाचा दावा लावला तो थेट सर्वोच्च न्यायालयात, कारण राज्याराज्यांतलं भांडण तिथेच सुरू होतं. पहिलीच पायरी शेवटची. त्याच्या वर अपील नाही. तर कर्नाटकाची हरकत काय? राज्यांच्या सीमा ठरवणं हे संसदेचं काम, या कोर्टाला अधिकार नाही! कैफियतीचं ते वाक्य बारामतीच्या टायपिस्टकडून दिल्लीला कसं पोचलं, कोण जाणे. वीस वर्षं उलटून गेली, दावा उभाच आहे.

जुन्या लोकांनी यावर एक साधी युक्ती काढली होती. पेशवाईत पंचायत बसायची तेव्हा भांडणाचा शब्द निघायच्या आधी दोघांकडून राजीनामा लिहून घेत: हे पंच आम्हाला मान्य, ते सांगतील ते कबूल. वर जामीन घेत. निकाल लागला की जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी भरायची, आणि हरल्याचं आपल्या हाताने लिहून द्यायचं. अधिकार नव्हता म्हणायला तोंडच ठेवलं नव्हतं. अर्थात तेव्हाही पंच बदलून मागणारे, दुसऱ्या ठिकाणी पंचायत बसवा म्हणणारे होतेच. दफ्तरं त्यांच्या अर्जांनी भरली आहेत. आणि दोघांच्याही खिशाला चाट बसायची, त्यामुळे सरकारचा अधिकार मात्र कधी वादात आला नाही.

आज त्या राजीनाम्याच्या जवळ जाणारी एकच जागा आहे, ती म्हणजे लोकअदालत. थोरले आणि धाकटे एकदा तिथेही बसले. समोर न्यायाधीश, वकील, चहा. कोर्टफी परत मिळते म्हणताच दोघेही सरसावून बसले. मोजणीच्या नकाशावर बोट ठेवून, मधल्या दगडापासून बांध सरळ करायचा, उसाच्या गाडीला हंगामात वाट मोकळी सोडायची, कुळाचा मुद्दा थोरल्यांनी सोडून द्यायचा, सगळं ठरलं. धाकट्यांनी सही केली. कागद थोरल्यांसमोर आला. त्यांनी चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं, आणि सवयीने विचारलं:

“ह्यावर अपील कुठं करायचं, साहेब?”

“यावर अपील नाही, काका. १९८७ चा कायदा आहे. हा निवाडा अंतिम असतो.”

“अजिबातच न्हाई?”

“अजिबात नाही.”

थोरल्यांनी पेनाला टोपण लावलं. “मग ऱ्हाऊ द्या,” म्हणाले, “आमची हायती तीच तारीख बरी.”